निघाला, गेला, पोचला

पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की माणूस घरी जातो. काका जात नसत. महत्त्वाचं पत्र असलं तर पोस्टमन येऊन पेटी उघडेपर्यंत ते तिथेच उभे राहत. त्याने पत्रं पिशवीत भरली, पिशवी सायकलला अडकवली आणि सायकल वळणावरून दिसेनाशी झाली, की मग हे हलत. एकदा त्या पोस्टमनने वैतागून विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?" काका म्हणाले, "काही नाही. तळाशी एखादं चिकटलं नाही ना, तेवढा हात फिरवून बघा." ही गोष्ट मला त्यांच्या पत्नीने सांगितली, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या.

काका माझे नात्याचे कुणी नव्हते. नाशिकच्या अंबडला एका औषध कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागले, तेव्हा त्या विभागात एक खोली आणि एक माणूस होता. तो माणूस म्हणजे काका. नव्वदच्या दशकात प्रिंटरच्या करकरीत त्यांनी तो विभाग एकट्याने उभा केला होता. आमची कंपनी सलाइनच्या बाटल्या बनवायची. त्या बाटल्यांच्या प्रत्येक बॅचचा जन्मापासूनचा इतिहास आमच्या डेटाबेसमध्ये असे, आणि तो डेटाबेस ज्या सर्व्हरवर होता त्याच्या खोलीत काका भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून बसत. एसी बंद करू म्हटलं तर घाबरायचे. "मला थंडी वाजली तर चालेल," म्हणायचे, "त्याला ताप यायला नको."

घाबरणं हाच त्यांचा स्थायीभाव होता. मखमलाबादकडे त्यांच्या भावांचा फुलांचा मळा होता. दसऱ्याला कंपनीतल्या सगळ्या यंत्रांना लागणारा झेंडू तिथूनच येई. टेम्पो मळ्यातून निघाल्याचा भावाचा फोन आला की काका जे गेटवर जाऊन उभे राहत, ते टेम्पो आत येऊन पाट्या उतरेपर्यंत. मग पाट्या मोजत. वॉचमन म्हणायचा, "काका, झेंडू हाय, सोनं नाय." त्यावर ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. घरोघरी जाऊन अक्षत आणि पत्रिका देऊन आले, इथवर ठीक. चार दिवसांनी पुन्हा त्याच घरांत, "पत्रिका पोचली ना?" एका मावशींनी दुसऱ्यांदा चहा केला आणि कप आपटत विचारलं, "अरे, तूच तर हातात दिलीस ना?" काका म्हणाले, "दिली मी. पण तुम्ही तारीख वाचलीत का?" मावशींनी वाचली नव्हती. तिसऱ्यांदा हे दारात यायला नकोत म्हणून त्यांनी ती तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवली.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन शब्द शिकवले. निघाला, गेला, पोचला. सर्व्हरवरून कुठलाही मेल सोडला आणि मी "गेला" म्हणाले की ते मान हलवत. "निघाला म्हण. रांगेत उभा राहिलाय तो. एसटीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस गावाला पोचला म्हणशील का?" आणि खरंच, डेटाबेसमधून मेल सोडला की पडद्यावर एवढंच उमटायचं, की मेल रांगेत लावला आहे. त्यापुढे तो खरोखर गेला, अडला, की परत आला, हे सर्व्हरमधल्याच एका वेगळ्या नोंदवहीत पडायचं, आणि ती नोंदवही आपण होऊन उघडल्याशिवाय कधीच दिसायची नाही. काका ती रोज सकाळी उघडत आणि पेपर वाचावा तशी मोठ्याने वाचत. तारीख, वेळ, कुणाला, काय झालं. मी केस विंचरत, डबा उघडत, निम्मंअधिक ऐकत असे.

मेल जाईनासे झाले की त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी वायर. वायरीच्या टोकाचा हिरवा दिवा लुकलुकतोय का, हे ते वाकून, डोळे बारीक करून बघत. मग मेलच्या सर्व्हरला हाताने टाइप करून हाक मारत. त्या यंत्राशी बोलायची एक रीत असते, आधी आपली ओळख सांगावी लागते, त्याने उत्तर दिलं तर पुढचं बोलायचं. काका ओळख टाइप करण्याआधी खरोखर नमस्कार करत. "आधी नमस्कार," म्हणायचे. "तो घेतला तर कुणाकडून आलोय ते सांग. मग कुणाला भेटायचंय ते सांग. कुठल्या वाक्याला तो तोंड फिरवतो ते बघ. दुखणं तिथं आहे." मी आजही असंच शोधते. नमस्कार मात्र मनातल्या मनात करते.

एकदा तीन दिवस एकही मेल जाईना. मेलचा सर्व्हर ठणठणीत होता, पासवर्ड बरोबर होता, दिवा लुकलुकत होता. माझं डोकं चालेनासं झालं. चौथ्या दिवशी काकांना सापडलं, की आपल्याच सर्व्हरवर बसवलेला अँटिव्हायरस बाहेर जाणारा प्रत्येक मेल अडवत होता. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "घरचाच कुत्रा पोस्टमनला चावतोय, आणि आपण पोस्टात जाऊन भांडतोय." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पाच मिनिटांनी त्यांनी फोन उचलला आणि त्या तीन दिवसांतले मेल ज्यांना जायचे होते त्या सगळ्यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली.

हा फोन म्हणजे त्यांची खरी ओळख. मेल सोडायचा, आणि मागोमाग फोन. "मिळाला का? उघडला का? काय लिहिलंय, वाचून दाखवा." आमचे डेपोवाले त्यांची नक्कल करत. गावोगावचे औषधांचे ठोक दुकानदार त्यांचा आवाज ऐकला की "मिळाला हो काका, मिळाला" म्हणून ठेवून द्यायला बघत, पण वाचून दाखवल्याशिवाय काका सोडत नसत. हे असं का, याच्या तीन गोष्टी कंपनीत सांगितल्या जात. कुणी म्हणे, जुन्या नोकरीत त्यांचा एक फॅक्स पोचला नाही आणि कुणाचा तरी हात यंत्रात गेला. कुणी म्हणे, लहानपणी धाकटा भाऊ दोन दिवस हरवला होता. कँटीनवाल्याकडे तिसरीच होती. मी एकदा धीर करून काकांनाच विचारलं. ते जरा गोंधळले. म्हणाले, "कारण कशाला लागतं? वस्तू आपल्या हातातून सुटते आणि दिसत नाही, याची भीती तुम्हाला वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं."

मला वाटत नव्हती. मी तेविशीत होते आणि मला त्यांची थोडी लाज वाटायची, हे आता सांगून टाकते.

नवा सर्व्हर आला त्याच सुमाराला नवे मॅनेजर आले. कुठल्याही बॅचमध्ये दोष निघाला, की क्वालिटीच्या मॅडमनी डेटाबेसमध्ये 'थांबवा' असा शेरा मारायचा आणि सर्व्हरने आपण होऊन सव्वीस डेपोंना आणि दुकानदारांना तो माल विकू नका म्हणून मेल पाठवायचा, ही योजना त्यांची. काम माझ्याकडे आलं. मी खूश होते. काका म्हणाले, मेल जाऊ द्या, पण फोनही ठेवू. मॅनेजर हसले. "काका, आपण सॉफ्टवेअर घेतलंय की जासूद नेमलाय?" त्यांनी आमच्या खोलीतल्या फोनची एसटीडी, म्हणजे बाहेरगावी फोन लावायची सोय, बंद करायला लावली. काकांनी नुसती मान डोलावली. त्यांचे हात मात्र टेबलाखाली एकमेकांत अडकले होते, ते मला दिसले.

काका मुलीकडे बारशाला सटाण्याला गेले ते शुक्रवारी. जाताना तीनदा दारातून परत आले. "नोंदवही उघडत जा. शेरा पडला तर सगळ्यांना फोन कर, बाहेरच्या बूथवरून कर." मी "हो काका" म्हटलं.

शनिवारी तीन वाजता मॅडमनी एका बॅचवर शेरा मारला. राखून ठेवलेल्या नमुन्याच्या बाटल्यांत तळाशी कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी दिसलं होतं. माझ्या पडद्यावर आलं, सव्वीस मेल रांगेत. माझी मेलची चाचणी आठवड्यापूर्वीच झाली होती. स्वतःला आणि मॅनेजरांना मेल पाठवला होता, दोन्ही आले होते. मी कॉम्प्युटर बंद केला आणि पाचच्या बसने घरी गेले. नोंदवही उघडली नाही. फोन तर नाहीच. सव्वीस जणांनी "काय ताई, तुम्हीपण का?" म्हणून हसलेलं मला नको होतं. रविवारी मैत्रिणीबरोबर साडी घ्यायला गेले.

सोमवारी सकाळी काका आले, टोपी घातली, नोंदवही उघडली. मी डबा उघडत होते. त्यांचा आवाज येईना, म्हणून वर पाहिलं. ते न वाचता नुसते बघत होते. मग एकदम हळू म्हणाले, "सव्वीसच्या सव्वीस नाकारलेत."

मी डबा तसाच टाकून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. चूक मला काकांच्या आधी कळली. आमचा मेलचा सर्व्हर कंपनीतल्या कंपनीत मेल द्यायला पासवर्ड मागत नसे, बाहेर पाठवायला मागे. नव्या सर्व्हरवर मी पासवर्डची जागा रिकामी सोडली होती. मी चाचणी घरातल्या घरात घेतली होती, आणि घरातल्या घरात सगळं पोचत होतं. पासवर्ड घालून मेल पुन्हा सोडायला मला दोन मिनिटं लागली. आता नोंदवहीत सगळे 'गेले' दिसत होते. मी आशेने काकांकडे पाहिलं.

"गेले," ते म्हणाले. "यादी घे आणि चल."

गेटाबाहेरच्या पिवळ्या बूथमध्ये आम्ही दोघं कसेबसे मावलो. ते फोन लावत होते, मी यादीवर खुणा करत होते. एरवी घाबरणारा हा माणूस फोनवर शांत होता. "ती बॅच विकू नका. खोकं बाहेर काढा आणि त्याच्यावरचा नंबर मला वाचून दाखवा. नाही, मी सांगणार नाही. तुम्ही वाचा." साडेदहापर्यंत पंचवीस खुणा झाल्या. बहुतेकांकडची खोकी फुटलीच नव्हती, ज्यांनी विकली होती त्यांनी ती परत आणायला माणसं पिटाळली. सिन्नरच्या दुकानदाराचा फोन वाजत राहिला. सहा वेळा वाजला. तेवढ्यात मॅनेजर गाडीतून उतरले, सगळं ऐकून म्हणाले, "मेल गेलेत ना आता? मग तो बघेल की." काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिक्षाला हात केला.

नाशिकच्या द्वारका चौकातून आम्ही सिन्नरची जीप पकडली. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. काका पायरीपाशी उभे राहून एकेक माणूस मोजत होते. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि टोपी काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. वाटेत मी एकदा म्हटलं, "काका, काही झालं नसेल ना?" ते बाहेर बघत म्हणाले, "मला माहीत नाही." ते खोटं तरी बोलतील असं मला वाटलं होतं.

सिन्नरचं दुकान बंद होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, "सासुरवाडीला गेलेत. उद्या येतील. काल सकाळी मात्र माल वाटला त्यांनी, तीन दवाखान्यांत." काकांनी तिन्ही नावं लिहून घेतली, वाचून दाखवली आणि आम्ही अक्षरशः पळत सुटलो. पहिल्या दवाखान्यात खोकं तसंच होतं. दुसरा एका जिन्यावर होता. वर चार खाटांची खोली, आणि खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई दोन ब्लँकेटांखाली थडथडत होती. खाट हलत होती. वर बाटली टांगलेली. काका चष्मा वर करून बाटलीजवळ गेले, नंबर ओठांतल्या ओठांत वाचला आणि हात पुढे करून नळीवरचं चाक फिरवून बंद केलं.

"अहो, काय करताय?" सिस्टर धावत आल्या.

"मी कंपनीतून आलोय," काका म्हणाले. "ही बाटली लावायची नाही, हे सांगायचं राहिलं होतं."

डॉक्टर आले. त्यांनी बाटली उजेडात धरली, तळ बघितला आणि एक शिवी दिली. नळी काढली, दुसऱ्या हाताला नवी लावली, इंजेक्शनं दिली. जुलाब-उलट्यांनी रात्री आणलेली बाई होती. सकाळी थंडी भरली तेव्हा त्यांना हिवताप वाटला होता. "संध्याकाळपर्यंत ताप उतरला तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर नाशिकला हलवायचं."

खाटेच्या पायथ्याशी तिची सासू बसली होती. सुकलेली, नऊवारीतली म्हातारी. तिने काकांना विचारलं, "कुणाकडून ऱ्हायलं सांगायचं?"

काका चष्मा काढून पुसायला लागले. ते माझ्यासाठी की घाबरून, मला कळलं नाही. मी म्हणाले, "माझ्याकडून, आजी."

"तुला कधीपासून ठावं व्हतं?"

"शनिवारपासून."

"मग दोन दिस काय करत व्हती?"

मला साडीचं दुकान आठवलं. ती ओरडली असती, मारलं असतं, तरी बरं वाटलं असतं. तिने नुसती स्टुलाकडे बोट केलं. "बस इथं. हिचा ताप उतरंस्तवर उठायचं नाय."

मी बसले. काका तिसऱ्या दवाखान्यात जाऊन आले, तिथली सगळी खोकी परत बांधून घेतल्याचं मला दारातूनच सांगितलं आणि आत यायचं नाव काढेनात. "मला नाही बघवणार," म्हणाले. "तू बस. मी इथं बाकावर आहे." आणि खरोखर, हा एवढं धावलेला माणूस जिन्याजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

तीन तास मी एका ब्लँकेटकडे पाहिलं. ते हललं की मला भीती वाटे आणि हलायचं थांबलं की जास्त वाटे. तिचं नाव विचारायचं मला धैर्य झालं नाही. मध्ये एकदा म्हातारीने सुनेचे पाय चोळायला घेतले आणि एक पाय मला दिला. तळवा चटका बसावा इतका तापलेला होता. आपण टाइप करतो ते कुणाच्या अंगात जाऊन पोचतं, हे मला त्या पायाने सांगितलं. मी मनातल्या मनात सगळे देव आठवले, पण काही मागायची लाज वाटत होती.

चार वाजता सिस्टर आल्या, थर्मामीटर तिच्या काखेत धरला, उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "उतरलाय." म्हातारीने डोळे मिटले. मी उठून बाहेर पळाले. काकांनी माझ्या पावलांचा आवाज ऐकला, पण मान वळवली नाही.

"काका, ताप उतरला."

"कुणी सांगितलं?"

"सिस्टरनी."

त्यांनी आता वळून पाहिलं. डोळे लाल झाले होते. "तू हात लावलास?"

मी लावला नव्हता. क्षणभर मला त्यांचा राग आला, मग तोही गेला. मी पुन्हा आत गेले. म्हातारीने मला येताना पाहिलं. मी काय करायला आले हे तिला कळलं असावं, कारण तिने सुनेच्या कपाळावरचा पदर स्वतःच बाजूला केला. मी हात ठेवला. कपाळ ओलं होतं आणि गार होतं. मी हात काढला नाही, आणि तिनेही काढ म्हटलं नाही.